बशामावशीची पारख

पनवेलच्या लाइन आळीतल्या बशामावशीकडे मूल ठेवायला येणाऱ्या प्रत्येक आईला पहिल्या दिवशी एकच उत्तर मिळायचं. "आज नाव लिहून घेत नाही. आधी दोन तास बसा."

बसायला कोपऱ्यात माठाशेजारी एक लाकडी स्टूल होतं. तिथे बसणाऱ्या बाईला चहा मिळायचा नाही की गप्पा मिळायच्या नाहीत. मावशी आपल्या कामाला लागायची. कुणाला भरव, कुणाचं नाक पूस, कुणाची भांडणं सोडव. आईने नुसतं बघायचं. दोन तासांनी मावशी हात पुसत येऊन विचारायची, "बोला, काय काय पाहिलंत?" ज्या बाईने फक्त खेळणी आणि भिंतीवरची चित्रं पाहिली असतील, तिला ती आणखी एक तास बसवायची.

१९८९च्या जानेवारीत सुनीता दाबके अशीच त्या स्टुलावर येऊन बसली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. नवरा विनायक न्हावा-शेवाच्या नव्या बंदरात इंजिनियर. दोघंही मूळची पुण्याची, पनवेलात सख्खं म्हणावं असं कुणी नाही. मांडीवर चौदा महिन्यांची कादंबरी, आणि रजा संपायला आठ दिवस.

"याआधी कुठे कुठे पाहिलंत?" मावशीने विचारलं.

"एक पाहिलं, स्टेशनच्या पलीकडे. छान होतं हो. स्वच्छ. दहा पाळणे ओळीने लावलेले, दहाही मुलं झोपलेली. आवाज म्हणून नाही."

"किती वाजता गेला होतात?"

"अकरा वाजले असतील सकाळचे."

मावशी एका पोराच्या पायात चप्पल घालत होती. ती थांबली. "पोरी," ती म्हणाली. इतका वेळ 'तुम्ही' होतं, ते गेलं. "दहा पोरं सकाळी अकराला एकदम झोपत नसतात. एक झोपतं तेव्हा दुसरं उठतं, तिसरं शी करतं, चौथं त्याला हसतं. दहाच्या दहा झोपली, तर ती झोपवलेली असतात."

सुनीताला तिथल्या फळीवरची सर्दीच्या औषधाची मोठी बाटली आठवली. कादंबरीला तिने इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. मावशीने लेकीला तिच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "रडू दे. रडणारं पोर चांगलं. सोमवारी आण हिला."

मावशीचं खरं नाव बथशेबा सॉलोमन वाकरूळकर. पण हे नाव दोन वर्षांच्या जिभेला कुठलं पेलणार? कुणी 'बथा' म्हणे, कुणी 'बशा'. शेवटी बशा टिकलं आणि आळीतले म्हातारेसुद्धा तिला बशामावशी म्हणू लागले. ती बेने इस्रायली ज्यू समाजातली, पिढ्यान् पिढ्या कोकणात मुरलेल्या घरातली. दाराच्या चौकटीवर धर्मवचनांची छोटी नळी तिरकी ठोकलेली, शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवे, आणि माशाच्या कालवणात नारळाचं दूध. घरातली भाषा मराठीच. भांडण मराठीत, लाड मराठीत, आणि देवाशी बोलणं तेवढं हिब्रूत.

लग्नानंतर एकोणीस वर्षं तिने भायखळ्याच्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम केलं होतं. नर्स नव्हे, आया. हे ती स्वतःच आधी सांगून टाकायची. शिक्षण सातवीपर्यंत. पण तिथल्या मोठ्या सिस्टर नवजात बाळाचं रडणं ऐकून तिला विचारायच्या, "बाई, हे भुकेचं की पोटात दुखण्याचं?" आणि ती सांगेल ते खरं निघायचं. पुढे सॉलोमनला रसायनीच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली, तेव्हा दोघं पनवेलच्या सासरच्या घरात राहायला आली. मुलगा अवी आयटीआयला गेला आणि हिचे हात रिकामे झाले. रिकामे हात तिला कधीच सोसले नाहीत. ८७ साली शेजारच्या शिक्षिकेचं बाळ तिने एका आठवड्यापुरतं सांभाळायला घेतलं. आठवड्याचं वर्ष झालं, एकाची दहा झाली.

दहावर अकरावं मात्र नाही. एका मामलेदाराच्या बायकोलासुद्धा तिने हात जोडून परत पाठवलं होतं. सॉलोमनने दाराला कमरेएवढं दुसरं अर्धं दार बसवून दिलं, कडी बाहेरच्या बाजूला, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी. खिडक्यांच्या गजांमध्ये आणखी गज घातले, पलंगाचे कोपरे तासून गोल केले. "माझ्याकडचं एकही पोर आजवर पडून फुटलेलं नाही," असं बशामावशी म्हणायची, आणि म्हणताना मान जराशी वर जायची. गर्व होता तिला. तो तिने कधी लपवलाही नाही.

अडचण एकच होती, शनिवारची. शनिवारी वाकरूळकरांच्या घरात चूल पेटत नसे. सॉलोमनच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा होता, तोही म्हणे शनिवारी बंद असायचा. त्यामुळे पाळणाघरालाही शनिवारी कुलूप. पण टेलिफोन एक्स्चेंजला शनिवार नसतो, बँकांना अर्धा असतो. एका शुक्रवारी संध्याकाळी चारपाच पोरांच्या आया अर्ध्या दाराशी उभ्या राहून विनवण्या करत होत्या आणि मावशी मान हलवत होती. "माझ्या देवाशी माझा करार आहे, बायांनो. तो मी दहा पोरांसाठी नाही मोडणार."

पायरीवर शांती घरत पाटी घेऊन बसली होती. ती खाडीकाठच्या गव्हाण गावची. नवरा मोरा बंदरातल्या लाँचवर खलाशी, दोन मुलगे हाताशी आलेले, थोरल्याचं लग्न झालेलं. टपाल नाक्यावर मासळी विकून झाली की परतीची एसटी धरण्याआधी ती मावशीकडे यायची. मावशीला कोलंबी-खेकडा चालत नाही, खवल्याचाच मासा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसा मासा ती बाजूला काढून ठेवायची.

ती पायरीवरूनच म्हणाली, "बाय, शनवारी मी येते. चूल मी पेटवते, भात मी शिजवते. तुमी नुसत्या बसा खुर्चीवर. बसायला तुमच्या देवाची काय हरकत नाय ना?"

आया हसल्या. मावशी हसली नाही. तिने शांतीला आत बोलावलं आणि तिचे हात पालथे करून पाहिले. "नखं काढशील?"

"काढते."

"मासळीचा वास?"

"चिंचेनं चोळते, लिंबानं चोळते. तरी राहिला तर तुमची पोरं सांगतीलच."

तर अशी शांती आली. शनिवारची कमाई तिची, असं ठरलं. पहिले दोन महिने बशामावशी खुर्चीवर बसून तिच्यावर डोळा ठेवून होती, सासूने नव्या सुनेवर ठेवावा तसा. शांतीला ते कळत होतं. ती आपली कामं उरकत राहायची. ती मुलांशीही फारसं बोलत नसे. बशामावशीचं घर म्हणजे गाणी, गोष्टी, हाका. शांतीच्या शनिवारी घर कसं नुसतं गुणगुणत असायचं.

८९च्याच दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, शांती भांडी घासून आली आणि मावशीच्या खुर्चीशी उकिडवी बसली.

"बाय, एक बोलू? राग नका धरू."

"बोल."

"ती कादंबरी. तिला डाव्या कानानं आयकू येत नाय."

मावशीला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "काय बोलतेस? दहा महिने माझ्या मांडीवर वाढतेय ती. मला नाही कळलं आणि तुला कळलं? आठवड्यातून एक दिवस येणारीला?"

"मी रोजची नाय, म्हनून कलला असंल," शांती शांतपणे म्हणाली. "मी तीन शनवार बघतेय. पोरगी उजव्या कुशीवर झोपली का परात पडली तरी उठत नाय. डाव्या कुशीवर झोपली का मांजर चाललं तरी डोले उघडते. उजवा कान उशीत गेला का तिचं समदंच बंद होतं."

दोनच्या सुमाराला कादंबरी जमिनीवर बसून डब्याची झाकणं रचत होती. मावशी खुर्चीवरून उठली, मुलीच्या मागे गेली, डावीकडून वाकली आणि हळूच हाक मारली. "कादंबरी." मुलगी झाकणं रचत राहिली. "कादंबरी." काही नाही. मावशी उजवीकडे सरकली आणि तीच हाक तितक्याच हळू मारली. मुलगी वळली आणि तोंडभर हसली.

त्या दुपारी बशामावशी जेवली नाही. दोन वर्षांची पोर अजून चारच शब्द बोलते म्हणून सुनीता काळजी करायची आणि आपण तिला सांगायचो, "अगं, काही पोरं उशिरा बोलतात." एकोणीस वर्षं लहान बाळांचं रडणं ओळखणारे आपले कान, आणि या बाळाचा कान आपल्याला कळला नाही. सॉलोमन म्हणाला, "सोमवारी सुनीताला सांग, तुझ्या लक्षात आलं म्हणून. शांती काय, कुठे बोलायला येणार नाही."

मावशीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पेपरात तोंड घालून बसला.

सोमवारी तिने सुनीताला अर्ध्या दाराशी थांबवलं आणि सगळं सांगितलं. "मला कळायला हवं होतं, मला कळलं नाही. शांतीला कळलं. मुंबईला चांगल्या डॉक्टरला दाखवा. उद्याच."

डॉक्टरांना कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं दिसलं. सर्दी एवढंच कारण, पण वेळेवर लक्षात आलं नसतं तर कान कायमचा बाद होण्याची भीती होती. छोटी शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी कादंबरी पाळणाघरात आली, दारातच थांबली, डॉक्टर तपासताना झाकायचे तसा उजवा कान हाताने झाकला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "टिक." दहा महिने त्या घड्याळाखाली ती खेळली होती. विनायकने शांतीला साडी आणली आणि तिच्या पाया पडायला वाकला. शांती पाटी घेऊन पळाली.

तेव्हापासून शांती शनिवारचीच राहिली नाही. मासळी तिने मोठ्या सुनेच्या हाती दिली आणि रोज सकाळच्या एसटीने यायला लागली. पाळणाघर दोघींचं झालं. बशामावशी कुणालाही सांगायची, "मी बोलणारी, ती बघणारी. दोन्ही लागतं."

वर्षं भराभर गेली. कळंबोलीत लोखंडाचा बाजार वाढला, नव्या पनवेलात इमारती उठल्या, नोकरीवाल्या आया वाढल्या. बशामावशीचे दहा मात्र दहाच. कादंबरी शाळेत गेली, तिची धाकटी बहीण आभा त्याच घरात रांगायला लागली. अवी आधीच इस्राएलला गेला होता, अश्दोद नावाच्या बंदराच्या गावी. तिथे त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, त्याचं नाव एलिशा ठेवलं. ९५च्या पावसाळ्यात त्याचं पत्र आलं: 'आई, सगळ्या पनवेलची पोरं तू वाढवलीस. माझं कोण वाढवणार?'

सॉलोमन निवृत्त झाला होता, त्याचं मन केव्हाच तिकडे लागलं होतं. मावशीने पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "जाऊ. पण ही दहा पोरं नीट कुणाच्या हाती दिल्याशिवाय नाही."

कुणाच्या, हे तिच्या मनात ठरलेलंच होतं. पण शांतीला विचारलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली. "माज्याच्यानं नाय व्हनार, बाय. मला लिवता-वाचता येत नाय. एखाद्या पोराला औषध द्यायचं झालं, बाटलीवर काय लिवलंय ते मला कोन सांगनार? चुकीचं दिलं तर?"

मावशीला तिची ही भीतीच आवडली. ज्याला स्वतःच्या चुकीची भीती वाटते, त्याच्या हाती मूल द्यावं, असं तिचं मत होतं. पण प्रश्न खरा होता.

जानेवारीतल्या एका रविवारी तिने पालकांना बोलावलं. सगळे सतरंजीवर बसले. विनायक दाबके बोलायला उठला. तोच सगळ्यांत जुना पालक. "मावशी, शांतीबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझी मुलगी आज ऐकतेय ती त्यांच्यामुळे. पण उपकार वेगळे आणि सोय वेगळी. त्यांना वाचता येत नाही. शिवाय भाषा. आभा परवा आमच्या साहेबांना म्हणाली, 'तुमी बसा, आमी येतो.' हाय-नाय करते. पुढे शाळेत कसं व्हायचं? माझ्या माहितीत वसुंधरा लिमये म्हणून बाई आहेत. तीस वर्षं बालवाडी चालवली. प्रमाणपत्र आहे, अनुभव आहे, वळण आहे."

दोनचार माना डोलल्या. सुनीता खाली बघत होती. शांती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर आवळून घेतला.

बशामावशीला राग आला, पण तो तिने गिळला. "विनायकराव, माझ्या घरातली पोरं शुक्रवारी संध्याकाळी जाताना 'शब्बाथ शालोम' म्हणतात. गेली आठ वर्षं म्हणतात. त्याने कुणाची भाषा बिघडली?" लोक हसले. "पण तुमचं म्हणणं टाकून देत नाही. वसुंधराबाईंना येऊ देत. बुधवारी सकाळी. आणि तुम्हीही या. त्या स्टुलावर तुमची बायको बसली होती, तुम्ही कधी बसला नाहीत."

बुधवारी वसुंधराबाई आल्या. साठीच्या, ताठ, पांढरी कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी लाकडी ठोकळे काढले, बोटात घालायच्या बाहुल्या काढल्या, आणि पाच मिनिटांत सात मुलं त्यांच्याभोवती गोल करून बसली. आवाज गोड, उच्चार कसे घासून लख्ख केलेले. विनायकने माठाशेजारच्या स्टुलावरून मावशीकडे पाहिलं, जणू म्हणत होता, बघा. मावशीने मान डोलावली. बाई खरोखरच चांगल्या होत्या. चांगल्याला वाईट म्हणण्याची तिला सवय नव्हती.

पण सत्यजीत रडत होता. हा दोन वर्षांचा, नवा, चारच दिवस झालेले. आई सोडून गेली की दाराला पाठ लावून बसायचा आणि दुपारपर्यंत रडायचा. घासभरही खायचा नाही. वसुंधराबाईंनी त्याला बाहुली दाखवली, त्याने ती भिरकावली. गाणं म्हटलं, त्याने कानांवर हात ठेवले. उचलून घ्यायला गेल्या, तर लाथा झाडून त्याने त्यांचा चष्मा पाडला. तेवढ्यात इकडे गोल मोडला, दोन मुलांनी ठोकळ्यांवरून एकमेकांचे केस धरले. वसुंधराबाई घामाघूम झाल्या. मावशीने जागचं हलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

शांती स्वयंपाकघरातून आली. सुपात वालाच्या शेंगा होत्या. ती दारापासून दोन हातांवर, सत्यजीतकडे पाठ करून बसली आणि शेंगा सोलायला लागली. त्याच्याकडे बघितलं नाही, काही बोलली नाही. मूठभर शेंगा मात्र तिने पाठीमागे जमिनीवर ठेवल्या, सहज विसरल्यासारख्या. दाणा सुपात, टरफल बाजूला. दाणा सुपात, टरफल बाजूला.

रडणं आधी अडखळलं, मग त्याचे हुंदके झाले. पाच मिनिटं गेली असतील. सत्यजीत सरकत सरकत पुढे आला आणि त्याने एक शेंग उचलली. ती त्याला उघडेना. शांतीने मागे न बघता हात पुढे केला. त्याने शेंग तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती जराशी चिरून परत दिली. त्याने दाणा काढला, पाहिला, आणि तिच्या पाठीला पाठ टेकून बसला. थोड्या वेळाने शांतीने मऊ भाताचा गोळा करून खांद्यावरून मागे धरला. तो त्याने खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा.

विनायक स्टुलावर पुढे झुकून बसला होता. आभा त्याच्याजवळ आली आणि गुडघ्यावर थापटून म्हणाली, "बाबा, तुमी पन सोला ना शेंगा." तो खाली उतरला, विजारीला धूळ लागेल याचा विचार न करता सतरंजीवर बसला, आणि सुपातली शेंग उचलून म्हणाला, "सोलतो. तुमी दाखवा कशी सोलायची."

बारा वाजता मुलं जेवायला बसली तेव्हा वसुंधराबाईंनी पिशवी आवरली. बशामावशी त्यांना पोचवायला अर्ध्या दारापर्यंत गेली. मनात म्हणत होती, आता या रागावून जाणार.

"बथशेबाबाई," त्या म्हणाल्या, "चाळीस मुलांचा वर्ग मी एका नजरेत ठेवला आहे. पण एकटं रडणारं मूल मला कधी सांभाळावं लागलंच नाही. ते मी त्याच्या आईकडे परत द्यायचे. माझ्याकडे मुलं तिसऱ्या वर्षानंतर यायची, रडून झाल्यावर." त्यांनी आत पाहिलं. "ही बाई करते ती बालवाडीत शिकवली जाणारी गोष्ट नव्हे. ती वेगळंच काही करते. तिला सोडून माझ्या हाती मुलं द्याल तर तुम्ही वेड्या."

मावशीनेही आत पाहिलं. "तिला वाचता येत नाही हो. औषधाची बाटली वाचता येत नाही. लोकांचं म्हणणं खोटं नाही."

"मग ते माझ्यावर सोडा," वसुंधराबाई म्हणाल्या. "तीस वर्षं तेच तर केलं."

दुसऱ्या दिवसापासून, मुलं दुपारी झोपली की, वसुंधराबाई लाइन आळीत यायला लागल्या. शेहेचाळीस वर्षांची शांती पाटी घेऊन बसायची, आता मासळीची नव्हे, लिहायची. सुरुवातीला तिने मुळाक्षरांना नकार दिला. "मला क-ख नको, बाई. मला बाटली वाचायची हाय." वसुंधराबाईंनी खरंच पुस्तक मिटलं आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या, दुकानदाराने मराठी सूचनांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. आकडे आधी, मग मुलांची नावं, मग 'दिवसातून दोनदा', 'जेवणानंतर', 'हलवून घ्या'. मार्चमध्ये एकदा सुनीता आभाला न्यायला आली, तेव्हा शांतीने तिला थांबवलं, आभाच्या पिशवीतली बाटली काढली आणि पट्टीवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचलं. "पाच... मिली. तुमी चिट्टीत लिवलंय एक चमचा. कोनता चमचा? चमचा लहान हाय का मोठा, ते लिवलं नाय. नीट लिवून द्या."

सुनीताने निमूटपणे चिठ्ठी पुन्हा लिहून दिली. बशामावशी आतून हे ऐकत होती. हातातलं पीठ तसंच ठेवून ती सॉलोमनकडे गेली आणि म्हणाली, "ऐकलंत? ऐकलंत का तुम्ही?" सॉलोमन म्हणाला, "अख्ख्या आळीने ऐकलं."

एप्रिलमध्ये दोघं निघाली. जाण्याच्या आदल्या दिवशी मावशीने पोह्यांचा गोड मलिदा केला, वर फळं रचली, प्रार्थना म्हटली आणि तो प्रसाद आळीभर वाटला. घर तिने शांतीच्या पाळणाघरासाठी ठेवलं. निरोपाला जुनी मुलंही आली. त्यांत साडेआठ वर्षांची कादंबरीही होती. ती शाळेच्या गाण्याच्या चमूत होती आणि तिने सगळ्यांसमोर एक गाणं म्हटलं, सुरात, खणखणीत. मावशी डोळे न पुसता ऐकत राहिली. शेजारी उभ्या असलेल्या शांतीचा दंड तिने असा धरून ठेवला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते म्हणे.

अश्दोदला एलिशाला सांभाळताना बशामावशीचे दिवस बरे गेले. समुद्र होता, माशांचा बाजार होता. तिथल्या भाषेशी मात्र तिची झटापट चालू राहिली. ९८ साली सुनीताचं एक जाडजूड पत्र आलं.

'मावशी, तुम्हाला एक बातमी सांगायची आहे. शांतीताईंनी गव्हाणला दुसरं पाळणाघर काढलंय. गावातल्या ज्या बायका पहाटे मासळी घेऊन बाजाराला जातात, त्यांची मुलं दिवसभर धक्क्यावर उन्हात फिरायची. शांतीताईंच्या मनात ते कधीपासून होतं. देवळाच्या ओसरीवर जागा मिळाली. गावच्या पंचांनी विचारलं, बायकांची पोरं सांभाळायला पाळणाघर कशाला, म्हाताऱ्या आहेत की. तर त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यांनी आपली पोरं वाढवून झाली, आता त्यांनाही बसू द्या. त्यांची मोठी सून तिथे सांभाळते, बळीराम नावाचे एक निवृत्त मास्तर दुपारी येतात. शांतीताईंनी पहिल्या दिवशी सगळ्या आयांना जमवून सांगितलं की हे काम मला बशामावशीनं शिकवलं, ती मोठ्या दवाखान्यातली होती. मी त्यांना म्हटलं, अहो, मावशी आया होती. तर म्हणाल्या, म्हणूनच तर मोठी.'

बशामावशीने पत्र सॉलोमनला दोनदा वाचून दाखवलं. मग अवी घरी आला तेव्हा त्याला. मग तिने चष्मा पुसला, पत्र घडी करून हातात घेतलं आणि समोरच्या घरातल्या शेजारणीकडे गेली. ती बाई मोरोक्कोकडची, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, आणि मावशीच्या हिब्रूत तोवर भाजीपाल्यापलीकडचे शब्द नव्हते.

"माझी शांती," मावशी छातीवर हात ठेवून म्हणाली, आणि पुढचं सगळं पत्र तिने त्या बाईला मराठीतच, एकही ओळ न गाळता वाचून दाखवलं.